पॉलिसी होती, पण...

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मेसेज तुम्हीही वाचला असेल. ‘आपल्या वर्गातल्या मित्राचे वडील आयसीयूत आहेत. खर्च आवाक्याबाहेर गेलाय. जमेल तशी मदत करा.’ खाली क्यूआर कोड. कुणी शंभर पाठवतं, कुणी पाचशे, कुणी नुसतेच जोडलेले हात. मग कुणीतरी न राहवून विचारतं, ‘अरे, मेडिक्लेम नव्हता का त्यांचा?’ उत्तर येतं, ‘होता ना, पण...’

आज बोलायचंय ते या ‘पण’बद्दल.

आरोग्य विमा नसलेल्यांची काळजी सगळेच व्यक्त करतात. ज्यांच्याकडे तो आहे, त्यांचं पुढे काय होतं हे फारसं कुणी विचारत नाही. ‘मेडिक्लेम’ हे नाव मुळात १९८६ साली चार सरकारी विमा कंपन्यांनी आणलेल्या पॉलिसीचं. पुढे ते ‘झेरॉक्स’सारखं सगळ्याच आरोग्य विम्याला चिकटलं. त्याला आता चाळीसेक वर्षं होतील. तरीही देशात आरोग्यावर होणाऱ्या दर १०० रुपयांच्या खर्चातले ३९ रुपये लोक थेट खिशातून भरतात, असं सरकारचेच २०२१-२२चे हिशेब सांगतात. २०१३-१४ साली हा आकडा ६४ होता, म्हणजे सुधारणा झालीय, नाही कशाला म्हणा! पण हे ३९ रुपये सगळ्यांमध्ये सारखे वाटले जात नाहीत. ते एकाच घरावर, एकाच महिन्यात कोसळतात. मग सोनं गहाण पडतं, एखादा एकर जातो आणि घरातल्या मुलीच्या ॲडमिशनबद्दल ‘यंदा राहू दे’ असं ठरतं. बाबांच्या कपाटातल्या त्या फाइलचा आणि तुमच्या फीच्या पावतीचा संबंध आहे तो असा.

विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा म्हणजे आयआरडीएआय. बोलताना सगळे ‘इर्डा’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. इर्डाच्या २०२३-२४च्या अहवालानुसार आरोग्य विम्याच्या दर १०० दाव्यांपैकी ८३ दिले गेले, ११ नाकारले गेले, उरलेले वर्ष संपताना लटकलेले होते. शंभरात अकरा हा आकडा कागदावर लहान दिसतो. साठ जणांच्या वर्गात मोजा, सहा-सात घरं होतात. शिवाय ‘दिले गेले’ या रकान्यात अर्धेमुर्धे दिलेलेही येतात. बिल पावणेदोन लाखांचं आणि हातात आले लाखभर, तरी कंपनीच्या लेखी दावा ‘सेटल’!

हे अर्धेमुर्धे कसं होतं, ते नीट समजून घ्या. कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात आणि फसलोय हेही त्यांना डिस्चार्जच्या दिवशीच कळतं.

समजा, घरात तीन लाखांची पॉलिसी आहे. तिच्यात कुठेतरी एक ओळ असते: खोलीचं भाडं दिवसाला विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत. म्हणजे ३,००० रुपये. आईचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटल म्हणालं, ‘जनरल वॉर्ड फुल आहे, सेमी-प्रायव्हेट घ्या, ६,००० रुपये रोज.’ चार दिवसांचे २४,००० झाले. ऑपरेशन, सर्जन, भूल, नर्सिंग, ओटी वगैरेचे १ लाख २० हजार. औषधं, तपासण्यांचे ३६,०००. एकूण बिल १ लाख ८० हजार. घरातल्यांचा हिशेब सरळ असतो: खोलीचे वरचे १२,००० आपण भरू, बाकीचं कंपनी देईल.

कंपनीचा हिशेब वेगळा असतो. तुम्ही परवानगीपेक्षा दुप्पट भाड्याची खोली घेतलीत ना? मग खोलीबरोबरच सर्जनची फी, ओटी, नर्सिंग हेही निम्मंच मिळणार. हॉस्पिटल खोली बघून दर लावतं, म्हणून आम्हीही खोली बघून पैसे कापतो, असं हे तर्कशास्त्र. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यांना ही कात्री लावायची नाही, असा इर्डाचा नियम आहे. तेवढा आधार धरूनही खोलीचे १२,०००, ऑपरेशन वगैरेचे ६०,००० आणि औषधांचे ३६,००० मिळून कंपनी देते १ लाख ८ हजार. उरलेले ७२,००० रुपये घरातून. बारा हजारांची तयारी केलेल्या घराला डिस्चार्ज काउंटरवर बहात्तर हजारांचा आकडा दिसतो. तोही फक्त खोली निवडताना, रात्री दीडला, घाबरलेल्या अवस्थेत केलेल्या एका सहीमुळे.

ही ओळ पॉलिसीत लपवलेली नसते, छापलेली असते. फक्त ती चाळीस पानांच्या इंग्रजी पीडीएफमध्ये असते आणि पॉलिसी घेताना ती कुणी वाचून दाखवत नाही. विकणाऱ्याने सांगायला हवं की घेणाऱ्याने वाचायला हवं, या वादात आम्ही ग्राहकाच्या बाजूने आहोत. ज्या अटीमुळे बिलाचा मोठा हिस्सा अंगावर येतो, ती अट पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात, उदाहरणासह असायला हवी. खरं तर ती अटच जायला हवी. खोलीचं जास्तीचं भाडं ग्राहकाने भरावं, हे समजू शकतं. पण ऑपरेशनचे पैसे कापायचे हा दंड झाला.

दुसरी गोम फॉर्मची. एजंट काका ओळखीतले असतात. चहा घेता घेता तेच फॉर्म भरतात. ‘बीपीची गोळी चालू आहे? राहू द्या हो, लिहिलं की प्रीमियम वाढतो.’ बाबा सही करतात. दोन वर्षांनी छातीत दुखतं, हॉस्पिटलच्या केसपेपरवर ‘पाच वर्षांपासून रक्तदाब’ असं लिहिलं जातं आणि कंपनीचं पत्र येतं: माहिती लपवली, दावा नामंजूर. तोवर एजंट काकांचा फोन ‘स्विच ऑफ’.

इथे कायदा काय म्हणतो, ते माहीत हवंच. महत्त्वाची माहिती दडवली तर कंपनी दावा नाकारू शकते, असं सुप्रीम कोर्टाने २००९ साली म्हटलं आहे. म्हणजे एजंट काकांचा सल्ला महागात पडतो, यात शंका नाही. पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत लग्नाला निघालेल्या एका गृहस्थांना तिथल्या विमानतळावर उतरताच हृदयविकाराचा झटका आला. मधुमेह असल्याचं त्यांनी आधी सांगितलेलं होतं, तरी कंपनीने हात वर केले. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: जो आजार सांगितला होता, तो माहीत असून तुम्ही पॉलिसी दिलीत, आता त्याच आजाराचं कारण पुढे करून मागे फिरता येणार नाही. म्हणजे खरं लिहिलेला फॉर्म ही तुमची ढाल आहे. प्रीमियम थोडा वाढला तर वाढू दे.

२०२४ मध्ये इर्डाने नियमही बरेच बदलले. आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबायची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं. आधी ती चार होती. पॉलिसी सलग पाच वर्षं चालू राहिली की ‘तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं’ हे कारण कंपनीला देता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच अपवाद. आधी त्यासाठी आठ वर्षं लागायची. म्हणून नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. एक हप्ता विसरला आणि पॉलिसी बंद पडली, तर हे सगळे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

आता थेट तुमच्याशी संबंधित एक गोष्ट. मानसिक आजारावरच्या उपचारांना शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला हवं, हे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी बहुतेक पॉलिसींचा साचा हॉस्पिटलात भरती होण्याभोवतीच बेतलेला. नैराश्यासाठी ॲडमिट व्हावं लागलं तर पैसे मिळतील, पण त्या टोकाला जाऊ नये म्हणून दर आठवड्याला समुपदेशकाकडे गेलात तर ती फी तुमची तुम्ही भरा. परीक्षेच्या, नोकरीच्या ताणाने झोप उडालेल्या मुलांना नेमकी गरज असते ती या दुसऱ्या खर्चाची. कायदा होऊन इतकी वर्षं झाली, तरी ‘सारखंच’ या शब्दाचा अर्थ एवढा आखडता ठेवलाय.

बरं, हे सगळं घ्यायचं तर परवडायला नको? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर पॉलिसींवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. वीस हजारांच्या प्रीमियमवर ३,६०० रुपये वाचले, चांगलं झालं. (कंपनीतर्फे मिळणाऱ्या समूह विम्याला ही सवलत नाही.) पण कर गेला म्हणून प्रीमियम वाढायचा थांबत नाही. जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने सांगितलं की ६० वर्षांवरच्या ग्राहकांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल, तर आधी आम्हाला विचारा. आजी-आजोबांसाठी ते ठीक. तुमचे आई-बाबा किती वर्षांचे आहेत? बहुतेकांचे पंचेचाळीस ते साठच्या मध्ये असतील. शुगर, बीपी, गुडघे सुरू होतात ते याच वयात, मुलांची फी असते ती याच वयात आणि दहा टक्क्यांचं कुंपण नाही तेही याच वयाला. दोन-तीन वर्षं प्रीमियम उड्या मारतो, मग एका वर्षी ‘जाऊ दे, मुलांची फी आधी’ म्हणून पॉलिसी सोडली जाते आणि नेमकं त्यानंतर दुखणं येतं. साठीचं संरक्षण पंचेचाळिशीपर्यंत खाली आणा, ही मागणी तुमच्या पिढीने करायला हवी.

कंपन्या म्हणतात, वैद्यकीय खर्चच वाढलाय, आम्ही काय करणार? यात तथ्य आहे, पण अर्धं. फक्त आरोग्य विमाच विकणाऱ्या कंपन्यांनी २०२३-२४ मध्ये प्रीमियमच्या दर १०० रुपयांमागे दाव्यांवर ६५ रुपयांच्या आसपास खर्च केला. बाकीचे कमिशन, जाहिराती, कार्यालयं आणि नफ्यात. सरकारी कंपन्यांचं उलटं आहे. तिथे शंभराहून जास्त जातात, कारण त्यांच्याकडे मोठ्या उद्योगांच्या स्वस्तातल्या समूह पॉलिसी जास्त. अमेरिकेतला आरोग्य विमा काही आदर्श नाही, पण तिथल्या २०१० सालच्या कायद्यातली एक तरतूद उचलण्यासारखी आहे. वैयक्तिक पॉलिसींच्या प्रीमियममधला किमान ८० टक्के पैसा उपचारांवर गेलाच पाहिजे, कमी गेला तर फरक ग्राहकाला परत. आपल्याकडे अशी रेषा का आखली जात नाही?

आणि दुसरं अर्धं? ते हॉस्पिटलांचं. विमा कंपन्यांना निदान इर्डा तरी आहे, हॉस्पिटलच्या दरांना विचारणारं कुणीच नाही. केंद्राचा २०१० सालचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९चा नर्सिंग होम कायदा चालतो. २०२१ मध्ये त्याच्या नियमांत बदल झाले आणि दरफलक व रुग्णांच्या हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची, असं ठरलं. पुढच्या वेळी कुणाला भेटायला हॉस्पिटलात गेलात, तर रिसेप्शनच्या भिंतीवर तो फलक शोधा. गणपतीचा फोटो सापडेल, ‘शांतता राखा’ सापडेल.

खासगी विमा परवडत नाही अशी घरं आपल्याकडे कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आता आयुष्मान भारतशी जोडली गेलीय आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण. फक्त यादीतले उपचार आणि योजनेत नोंदलेलंच हॉस्पिटल लागतं. गोची होते ती इथेच. पेशंटला आधी भलत्याच हॉस्पिटलात नेलं जातं आणि योजना आठवते ती बिल हातात आल्यावर. नोंदलेल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, पहिला प्रश्न त्याला विचारा. योजनेचा फोन नंबर १५५३८८. गावाकडून शिकायला आलेल्यांनी तो आजच घरच्या फोनमध्ये सेव्ह करून द्यावा.

ज्यांच्याकडे पॉलिसी आहे आणि तरी ‘पण’ आलाय, त्यांनी काय करायचं? इथे तुमचं काम सुरू होतं. टीपीए डेस्क आणि बिलिंग काउंटर यांच्यामध्ये पळणारी व्यक्ती घरातली कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगाच असतो. फोन तुमच्याकडे, ईमेल तुमचा, इंग्रजी फॉर्म भरायचे तेही तुम्हीच. मग नियमही तुमच्या खिशात हवेत. कॅशलेसची विनंती आली की कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा. डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्तीचे पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे. ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर या नियमात बसत नाही. विनंती किती वाजता पाठवली, ते काउंटरवर लिहून घ्या.

दावा नाकारला तर तो तोंडी ऐकून घरी येऊ नका. कंपनीच्या समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येत नाही आणि कोणत्या अटीखाली नाकारला, ते कळवावं लागतं. ते पत्र मागा. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. इर्डाचं ‘बिमा भरोसा’ पोर्टल आहे, १५५२५५ हा फोन आहे. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबईत आहेत, पुण्यात आहेत. फी नाही, वकील नको, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते. मात्र कंपनीचं नकाराचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. लोकपालांचा निवाडा कंपनीने ३० दिवसांत पाळला नाही, तर दिवसाला ५,००० रुपये दंड आणि तो ग्राहकाला मिळतो.

तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. लोक इथे जायला बिचकतात, कारण ‘कोर्ट’ म्हटलं की फी आणि तारखा आठवतात. तारखा पडतात हे खरंच, खोटं कशाला सांगू. पण फी दाव्याच्या रकमेवर ठरत नाही, तुम्ही भरलेल्या पैशांवर ठरते. २०१९च्या कायद्यात हा बदल झाला. म्हणजे दावा आठ लाखांचा असो, प्रीमियम वीस हजारांचा असेल तर फी शून्य. तक्रार ऑनलाइन, राहत्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत. बाजू स्वतः मांडता येते. कायद्याला शिकणाऱ्यांना याहून चांगला सराव कुठे मिळणार?

आणखी एक तारीख लक्षात ठेवा, तुमचा पंचविसावा वाढदिवस. बहुतेक फॅमिली फ्लोटरमध्ये मुलं या वयापर्यंतच असतात. बाहेर पडताना तुम्हाला ‘नवी पॉलिसी घ्या’ म्हणतील. त्याच कंपनीत मायग्रेशन मागितलंत, तर आई-बाबांच्या पॉलिसीत काढलेली वर्षं तुमच्या खात्यात धरली जातात. हे स्वतःहून सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या नोकरीत ऑफिसचा विमा मिळाला म्हणून हे सोडून देऊ नका. नोकरी गेली की तो विमाही जातो.

ग्राहक चळवळ महाराष्ट्राला नवी नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, १९८६च्या २४ डिसेंबरला आला. तो दिवस अनेक कॉलेजांत पोस्टर स्पर्धा घेऊन साजरा होतो. ‘जागो ग्राहक’चं चित्र, पहिलं बक्षीस, फोटो, संपलं! यंदा पोस्टरऐवजी एक टेबल मांडा. कॉमर्सची दोन मुलं, लॉची एक, एक लॅपटॉप. येणाऱ्याने घरची पॉलिसी आणायची आणि तिघांनी मिळून तिच्यातल्या चार गोष्टी शोधून द्यायच्या: खोलीच्या भाड्याची मर्यादा, थांबायची मुदत, स्वतः भरायचा टक्का, फॉर्ममध्ये लिहिलेले आजार. एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात हेच टेबल गावाच्या पारावर फुले योजनेसाठी मांडता येईल. जवळचं नोंदलेलं हॉस्पिटल कोणतं, ते घराघरात कळलं तरी पुष्कळ.

आणि सुरुवात आज रात्रीच करायची असेल, तर दर पॉलिसीबरोबर कंपनीला एक छोटं माहितीपत्रक द्यावं लागतं, ज्यात मुख्य अटी सोप्या भाषेत असतात. ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायला हवं, असाही नियम आहे. बाबांच्या ईमेलवरून दोन ओळी पाठवायच्या: पॉलिसी नंबर आणि ‘माहितीपत्रक मराठीत पाठवा’.